वायर एकच, प्रश्न खर्जाच्या वाटणीचा

रविवारी दुपारी ठाण्याहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, नवा सबवूफर मुका आहे. दुकानाचा पोरगा जोडून गेला तेव्हा त्याने टेस्ट टोन लावून दाखवला होता, खिडकीच्या काचा थरथरल्या होत्या. काल रात्री सिनेमा लावला तर हूं की चूं नाही. वायर खराब निघाली का हो?"

मी म्हटलं, रिसीव्हरच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटणाऱ्या डब्याच्या, मेनूत जा आणि तोच टेस्ट टोन पुन्हा लाव. लावला. सबवूफर घुमला, मला फोनवरसुद्धा ऐकू आला. म्हणजे वायर ठणठणीत, सबवूफर ठणठणीत, रिसीव्हरही ठणठणीत. तरी सिनेमात शुकशुकाट.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, जोडणं हे पाच मिनिटांचं काम. एक वायर, दोन टोकं. पण येणाऱ्या आवाजातला खर्ज कोणी वाजवायचा याची वाटणी रिसीव्हरच्या मेनूत होते, आणि तो मेनू उघडायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. दुकानाचा पोरगा तर नाहीच नाही, त्याला त्या दिवशी अजून तीन घरं करायची असतात.

खर्जाला मोठा डबा का लागतो

तानपुऱ्याची खर्जाची तार इतर तारांपेक्षा जाड असते, आणि डग्गा तबल्यापेक्षा मोठा असतो. स्पीकरचंही तेच. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, आवाज ऐकू येतो, त्यातला तळाचा २० ते १०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा हा सबवूफरचा प्रांत. स्वर एक सप्तक खाली आणला की हर्ट्झ निम्मे होतात, आणि आवाजाचा जोर तेवढाच ठेवायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा पडदा ४० हर्ट्झला चार मिलिमीटर आणि २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलला पाहिजे. तीन इंची स्पीकर तिथे जीव सोडेल.

त्यात आपले कान खर्जाला मठ्ठ. १००० हर्ट्झचा स्वर दोन-तीन डेसिबललाही ऐकू येऊ लागतो. ३० हर्ट्झचा स्वर ६० डेसिबलच्या आसपास पोचेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून मोठा पडदा, मोठा डबा आणि त्या डब्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर.

हा स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे की नाही, हे वायर विकत घ्यायच्या आधी बघा. मागच्या बाजूला विजेची वायर, आवाजाचं बटण आणि गोल आरसीए सॉकेट दिसले की तो ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे आपल्या कामाचा. नुसत्या स्पीकरच्या वायरी अडकवायच्या चिमट्या असतील आणि विजेची वायर नसेल, तर तो पॅसिव्ह. जुन्या होम थिएटरच्या पेटीबंद सेटमधले वूफर बरेचदा असे असतात. रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून येतो तो अगदी बारीक सिग्नल, त्यावर पॅसिव्ह वूफरचा पडदा हलणार नाही. मध्ये वेगळा ॲम्प्लिफायर लागेल.

आपल्याकडे आणखी एक प्रकार घरोघरी आहे. वूफरच्या डब्यातच सगळ्या संचाचा ॲम्प्लिफायर असतो आणि बाकीचे चार-पाच छोटे स्पीकर त्याच डब्याला जोडलेले असतात. तो डबा म्हणजे एक वेगळं बिऱ्हाडच आहे. त्याला रिसीव्हरच्या दावणीला बांधायचा खटाटोप करू नये. साउंडबारसोबत येणारा बिनवायरचा सबवूफरही बहुधा फक्त आपल्या साउंडबारचंच ऐकतो.

अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने कौतुकाने सबवूफर आणला असेल तर प्लग लावण्याआधी मागे ११५ की २३० व्होल्ट ते निवडायचं बटण आहे का ते शोधा आणि ते २३० वर असल्याची खात्री करा. बटणच नसेल आणि फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या सॉकेटला लावू नका. चूक एकदाच करता येते.

वायर

रिसीव्हरच्या मागे 'सबवूफर' किंवा 'सब प्री-आउट' असं लिहिलेलं एक सॉकेट असतं, कधी दोन असतात. स्वस्त रिसीव्हरवर दोन असली तरी दोन्हीतून सहसा एकच सिग्नल येतो. तिथून एक आरसीए वायर काढायची आणि सबवूफरवर 'एलएफई' (हे काय ते पुढे येतंच) लिहिलेल्या सॉकेटात घालायची. 'एलएफई' असं लिहिलेलं नसेल तर लाल-पांढऱ्या जोडीपैकी ज्यावर 'मोनो' लिहिलं असेल त्यात, तेही नसेल तर डावीकडच्या म्हणजे पांढऱ्या सॉकेटात. एका वायरीला दोन तोंडं फोडणारा वाय-जोड लावून लाल-पांढरी दोन्ही भरली तर आवाज थोडा चढतो, इतकंच. तो नसला तरी काही अडत नाही.

वायरीसाठी दोन हजार रुपये घालवू नका. पूर्वीच्या डीव्हीडी प्लेअरबरोबर लाल-पांढरी-पिवळी अशी तीन पदरी वायर यायची. त्यातली पिवळी व्हिडिओसाठी असल्यामुळे ती बहुधा नीट जाळीचं कवच असलेली, ७५ ओहमची असते. कमी अंतरासाठी ती झकास चालते. सबवूफर हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हव्या त्या लांबीची, चांगल्या कवचाची वायर मिळते. 'सबवूफर केबल' असं छापलेलंच हवं हा हट्ट नको.

घालताना-काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. आरसीए प्लगमध्ये मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर, त्यामुळे चालू सबवूफरला प्लग खुपसला की असा दणका बसतो की घरातलं मांजर दोन दिवस हॉलमध्ये येत नाही.

सबवूफर आउट नसलेला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल तर सबवूफरवरच्या 'हाय लेव्हल' चिमट्यांना ॲम्प्लिफायरच्या स्पीकर वायरी जोडता येतात. पण रिसीव्हरवर सबवूफर आउट असताना त्या वाटेला जाऊ नये.

पॉइंट एक म्हणजे नेमकं काय

५.१ मधले पाच म्हणजे समोरचे तीन आणि बाजूचे दोन. पॉइंट एक म्हणजे एलएफई, खास स्फोट, गडगडाट, विमानं, भूकंप यांच्यासाठी सिनेमावाल्यांनी राखून ठेवलेली खर्जाची वेगळी वाट. तिच्यावर फक्त १२० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो म्हणून तिला पूर्ण एक न म्हणता पॉइंट एक म्हणतात.

इथे नव्वद टक्के गोंधळ होतो. लोकांना वाटतं, सबवूफर म्हणजे पॉइंट एक. तसं नाही. एलएफई ही आवाजाची एक वाट आहे आणि सबवूफर हे एक यंत्र. त्या यंत्राकडे दोन ढीग येऊ शकतात. पहिला ढीग एलएफईचा. दुसरा ढीग म्हणजे बाकीच्या पाच स्पीकरांच्या वाट्याला आलेला, पण त्यांना न झेपणारा खर्ज. गाण्यातली बास गिटार, ढोलाची थाप, पखवाजाचा घुमारा हे सगळं दुसऱ्या ढिगात. हा दुसरा ढीग सबवूफरकडे पाठवायचा की नाही, हे रिसीव्हरला आपण सांगायचं असतं.

सांगायची जागा म्हणजे मेनूतलं 'लार्ज' आणि 'स्मॉल'. ही नावं ज्याने ठेवली त्याने फार घोळ करून ठेवला आहे. लार्ज-स्मॉलचा स्पीकरच्या आकाराशी काही संबंध नाही. 'लार्ज' म्हणजे या स्पीकरचा खर्ज त्याच्याकडेच राहू दे. 'स्मॉल' म्हणजे त्याचा खर्ज कापून सबवूफरकडे पाठव. कंबरेएवढे उंच स्पीकर घेतलेल्या माणसाला 'स्मॉल' निवडताना अपमान झाल्यासारखं वाटतं. मेहुण्यालाही वाटला. पण चांगला सबवूफर घरात असताना उंच स्पीकरांनाही 'स्मॉल'च ठेवणं बहुतेक वेळा हिताचं असतं. त्यांच्यावरचं आणि रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरवरचं ओझं हलकं होतं आणि संवाद स्वच्छ येतात.

आता मेहुण्याचं कोडं सुटतं. त्याचे पुढचे दोन स्पीकर 'लार्ज' होते, म्हणजे दुसरा ढीग बंद. आणि त्याचा टीव्ही रिसीव्हरला सिनेमा साध्या दोन चॅनलांच्या स्टिरिओत देत होता. ५.१ चा स्टिरिओ करताना एलएफईची वाट बहुधा सरळ टाकून दिली जाते, म्हणजे पहिला ढीगही गायब. सबवूफरच्या ताटात काही वाढलंच नव्हतं, बिचारा मुका बसणार नाही तर काय? टेस्ट टोन मात्र रिसीव्हर स्वतः थेट सबवूफरला देतो, म्हणून तो वाजत होता.

उपाय दोन, दोन्ही करायचे. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' काढून 'बिटस्ट्रीम', 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' निवडायचं. डिशच्या सेट-टॉप बॉक्समध्येही डॉल्बीचा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो. वायर एचडीएमआय एआरसीची किंवा ऑप्टिकल असली तर डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातून आरामात जातं. आणि रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल'.

कात्री एकाच्याच हातात

'स्मॉल' केल्यावर रिसीव्हर विचारतो, कुठे कापू? हा क्रॉसओव्हर. ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. होम थिएटरच्या जगात हा आकडा रूढ आहे आणि त्याला कारण आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही, त्यामुळे कोपऱ्यातला सबवूफर 'मी इथे आहे' असं सांगत नाही. तीन इंची छोटे स्पीकर असतील तर १२० किंवा १५० पर्यंत वर जावं लागतं, नाहीतर मधे खड्डा पडतो. पण मग पुरुषी आवाजाचा तळ सबवूफरमधून येऊ लागतो आणि नायक कपाटामागून बोलतोय असं वाटतं. अशा वेळी सबवूफर पुढच्या दोन स्पीकरांच्या मधल्या पट्ट्यातच ठेवावा.

आता सबवूफरच्या पाठीवर बघा. तिथेही 'क्रॉसओव्हर' किंवा 'लो पास' नावाचं गोल बटण आहे. हात शिवशिवतात. इथेही ८० करू का? नाही. कापायचं काम रिसीव्हरने केलेलं आहे. एकाच कापडावर दोन शिंप्यांनी कात्री चालवली तर जे होतं ते इथे होतं. क्रॉसओव्हर ही भिंत नसते, तो उतार असतो, आणि दोन उतार एकावर एक आले की ८० च्या आसपासचा आवाज खचतो. कोणी ते बटण ५० वर ठेवलं तर ५० ते १२० मधला एलएफईसुद्धा अर्धामुर्धा गळतो, आणि मग 'पिक्चरमध्ये दम नाही' म्हणून आवाज वाढवत बसतात. ते बटण शेवटपर्यंत, सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवून ठेवा. 'एलएफई' किंवा 'बायपास' असा खटका असेल तर तो टाका आणि विसरा.

रिसीव्हरमध्ये 'एलपीएफ फॉर एलएफई' दिसलं तर १२० ठेवा. 'एलएफई प्लस मेन', 'डबल बास', 'एक्स्ट्रा बास' अशा नावांचा मोह टाळा. त्यात तोच खर्ज दोन ठिकाणाहून वाजतो, आणि दोन ठिकाणचा खर्ज एकमेकांना नेहमी साथच देतो असं नाही.

हे एकमेकांना खोडणं समजून घेण्यासारखं आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा ८० हर्ट्झची एक लाट साधारण सव्वाचार मीटर लांब. तिचं अर्धं म्हणजे दोन मीटरच्या थोडं वर, सात फूट. सबवूफर तुमच्यापासून पुढच्या स्पीकरांपेक्षा सात फूट लांब असेल आणि अंतराची भरपाई केलेली नसेल, तर कापाच्या जागी एकाचा पडदा हवा ढकलतो तेव्हा दुसऱ्याची लाट ओढत असते. दोघं राबतात आणि कानाला कमी मिळतं. सबवूफरवरचा ० आणि १८० चा 'फेज' खटका याच्यासाठीच. खर्जाचं गाणं लावून, नेहमीच्या जागी बसून, दुसऱ्या कोणाला तो खटका इकडेतिकडे करायला सांगा. ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल ती बाजू बरोबर. फरकच कळला नाही तर ० वर सोडून द्या.

मोजमाप आणि रांगणं

रिसीव्हरबरोबर छोटा माइक आलेला असतो. डेनॉन आणि मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपीएओ, सोनीत डीसीएसी अशी नावं वेगवेगळी, काम एकच. आपण बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर माइक ठेवायचा, सोफ्याच्या पाठीवर चिकटवायचा नाही. पंखा बंद, कुकर बंद, मुलं बाहेर. सबवूफरच्या आवाजाचं बटण मध्यावर आणि 'ऑटो' ऐवजी 'ऑन'.

मोजून झालं की तीन गोष्टी तपासा. एक, सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबलला जाऊन टेकली असेल तर सबवूफर मुळातच फार मोठा वाजतोय, मागचं बटण कमी करून पुन्हा मोजा. दोन, यंत्राने पुढचे स्पीकर परत 'लार्ज' केले असतील, त्यांना 'स्मॉल' करा. ही खोड बऱ्याच रिसीव्हरांना आहे. तीन, सबवूफर नऊ फुटांवर असताना रिसीव्हर पंधरा फूट दाखवेल. टेप घेऊन त्याची चूक सुधारायला जाऊ नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो, आणि तो उशीर रिसीव्हर फुटांत मोजून दाखवतो.

जागेचा प्रश्न मात्र कुठलाही माइक पुरता सोडवत नाही. दहा बाय सोळाचा हॉल घ्या. सोळा फुटांच्या लांबीत ३५ हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये अडकून घुमते आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपासची. ३५ हर्ट्झची ही लाट भिंतीजवळ फुगते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. म्हणून एकच गाणं मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर धडधडतं आणि मधल्या खुर्चीवर पोकळ लागतं.

यावरचा उपाय हास्यास्पद दिसतो पण लागू पडतो. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवा. खर्जाचा एखादा तुकडा सतत वाजू द्या. मग स्वतः भिंतीकडेने रांगत जा आणि जिथे खर्ज सगळ्यात सारखा, न घुमणारा वाटेल ती जागा खडूने खुणवा. सबवूफर तिथे. पुढच्या शनिवारी मी ठाण्याला गेलो तेव्हा मेहुणा असा रांगत होता आणि सासूबाई दारात उभ्या राहून "ह्याचं काय हरवलंय?" असं विचारत होत्या. शेवटी सबवूफर टीव्हीच्या उजवीकडे, कोपऱ्यापासून अडीच फुटांवर स्थिरावला. दुकानाच्या पोराने तो थेट कोपऱ्यात कोंबला होता. कोपऱ्यात आवाज जास्त येतो हे खरं, पण तो भात जास्त शिजल्यासारखा गिचका होतो. जागा बदलली की मोजमाप पुन्हा करावं लागतं, हे विसरू नका.

सतत 'हूं' येत असेल तर

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचा गुणगुणाट सबवूफरच्या प्रांतातच येतो. दोन्ही यंत्रं बंद करा, सबवूफरमधली आरसीए वायर काढा आणि सबवूफर एकटा चालू करा. 'हूं' तसंच राहिलं तर दोष सबवूफरमध्ये किंवा त्याच्या विजेत. थांबलं तर वायर किंवा अर्थिंगचा फेरा, म्हणजे यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने वायरीत शिरणारी गुणगुण. पहिला संशयित गच्चीवरून येणारी डिश किंवा केबलची गोल वायर. सेट-टॉप बॉक्समधून ती काढून बघा, पुष्कळदा गुणगुण तिथेच मरते. दुसरं, रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डावरून चालवा. काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून टाकतात आणि 'हूं' गेलं म्हणून खूश होतात. ते करू नका. ती पिन यंत्रात बिघाड झाला तर तुम्हाला झटका बसू नये म्हणून असते.

रात्री उशिरा, बारीक आवाजात सबवूफर मधेच झोपी जात असेल तर तो 'ऑटो'वर आहे. 'ऑन' करा, किंवा मागचं बटण थोडं कमी करून रिसीव्हरमधली सबवूफरची पातळी तेवढीच वाढवा. सिग्नल जरा दांडगा पोचला की तो जागा राहतो.

खालच्या मजल्याचं काय

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण हे डेसिबल 'ए' मापाचे असतात, आणि ते माप आपल्या कानासारखंच खर्जाकडे काणाडोळा करतं. ४० हर्ट्झचा स्वर त्यात जवळजवळ ३५ डेसिबलने कमी धरला जातो. मोबाइलवरचं ॲप ४५ दाखवत असताना स्लॅबमधून ८० डेसिबलचा खर्ज खाली उतरत असू शकतो. सबवूफरखाली जाड फोम किंवा रबर घातल्याने फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा खर्ज मात्र थांबत नाही. साडेआठ मीटरच्या लाटेला आपली सहा इंची भिंत काय अडवणार?

त्यापेक्षा रिसीव्हरमधला 'नाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज'चा पर्याय लावा, त्याने स्फोट खाली येतात आणि कुजबूज वर. जोडीला सबवूफरची पातळी पाच-सहा डेसिबलने उतरवा. स्टीलच्या कपाटाचं दार आणि शोकेसच्या काचा याच वेळी तपासून घ्या, कारण 'सबवूफर फाटला' ही तक्रार निम्म्या वेळा खडखडणाऱ्या काचेची असते. मेहुण्याने शोकेसच्या खाचेत पोस्टकार्डाची घडी खोचली. खालच्या मजल्यावरचे काका आता रात्री फोन करत नाहीत. सकाळी लिफ्टमध्ये फक्त विचारतात, "काल युद्धाचा होता का?"